चोवीस तासांत खत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, कारण हा प्रश्न काही पाठ सोडत नाही: मेसच्या उष्ट्याचं २४ तासांत खत करणारं मशीन मिळतं, मग विद्यापीठाच्या आवारात तीन-तीन महिने ढीग कशाला कुजवत बसता?

त्या मशीनमधून बहुतेक वेळा बाहेर पडतं ते वाळवलेलं अन्न. हिशेब करून बघा. १०० किलो उष्ट्यात साधारण ७५ किलो पाणी असतं. १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं की उरतात जेमतेम २८ किलो. माहितीपत्रकात मिरवतात ती 'घट' हीच. बाकीच्या ७२ किलो पाण्याची वाफ करायलाच ४५ युनिट वीज लागते. मोटर आणि वाया जाणारी उष्णता वेगळीच. पर्यावरण अहवालात हा आकडा मात्र शोधून सापडत नाही.

खरा निकाल लागला तो नर्सरीत. मशीनमधली भुकटी दिसायला झकास: तपकिरी, कोरडी, भाजल्यासारखा वास. रोपांच्या पिशव्यांत चौथा हिस्सा मिसळली आणि पाणी दिलं. दोन-तीन दिवसांत मातीवर पांढरी बुरशी. पिशवीत बोट घातलं तर आतून कोमट, वास आंबूस. मग पानांच्या कडा करपल्या. रोप उपटलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. आश्चर्य कसलं? कुजणं मशीनमध्ये झालंच नव्हतं, पाणी मिळताच ते मुळांपाशी सुरू झालं. जिवाणूंनी तिथला प्राणवायू संपवला, आम्लं आणि अमोनिया सोडला, वर जेवणातलं मीठ होतंच. विक्रेत्याचं उत्तर: 'पाणी जास्त घातलं असेल.' रोपांना पाणी घालायचं नाही तर काय करायचं?

खरेदीआधी एवढं करा. मूठभर भुकटी ओली करून बरणीत दोन-तीन दिवस झाकून ठेवा. झाकण उघडताच वासाने तोंड फिरवावं लागलं, तर माल कच्चा.

आता ढिगाविषयी. मीठ ढिगातही जात नाही, म्हणून आमचंही खत कुंडीत चौथ्या हिश्शाहून जास्त घालू नका. आणि हो, ढिगाला वास येतो. उष्ट्याच्या एका घमेल्याला तीन घमेली पालापाचोळा हवा. पावसाळ्यात कोरडा पाला संपतो, लोक एकावर भागवतात, ढीग दबतो, आत हवा पोचत नाही. नाकात झोंबणारा वास आला तर नत्र जास्त: पाला किंवा भुसा घाला. सडक्या अंड्याचा आला तर हवा कमी: पालटा. मुठीत दाबल्यावर थेंब-दोन थेंबच पडावेत, धार लागली तर ओल जास्त. उघड्या ढिगात रोगजंतू मरायला ५५ अंशांवर १५ दिवस आणि त्यात पाच वेळा पालटणी लागते. सुट्टीत हे कोण करणार, हा तुमचा टोमणा रास्त आहे.

पूर्वी मी म्हणायचे, ढीग नीट लावला की प्रश्न मिटला. आज तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. ताटातलं उष्टंच कमी झालं तर दोन्ही वाद फिजूल, पण मेसमध्ये रोज उष्ट्याचं वजन करायला कुणी तयार होत नाही. जागाच नसेल तर वाळवणी यंत्र घ्याही. भुकटी साठवता येते, वाहून नेणं सोपं. फक्त तिला नंतर ढिगात घालावंच लागेल, पाणी आणि पाला देऊन, आणि तिथून पुढे ते तीन महिने आहेतच.