71 टक्के

शाळेची स्मरणिका छापायचं काम आमच्याच छापखान्याकडे आलं तेव्हा पैशाचं नंतर बघू म्हणालो. पण मनोगतही मीच लिहायचं असं समितीने परस्पर ठरवलं आणि तिथे माझी गाडी अडली. गेल्या आठवड्यात समितीतला एक मुलगा शाळेच्या इमारतीचा जुना नकाशा घेऊन आला. ए-थ्री कागद. म्हणाला, "काका, ए-फोरवर आणायचाय, निम्मा करा." मी झेरॉक्सवर 71 टक्क्यांचं बटण दाबलं.

"निम्मा म्हणजे 50 ना?"

आणि मी थेट नववीच्या वर्गात जाऊन बसलो.

50 दाबलं असतं तर लांबीही निम्मी झाली असती आणि रुंदीही, म्हणजे कागद पाव झाला असता. क्षेत्रफळ निम्मं करायचं तर बाजूला √2 ने भागायचं. 1/√2 म्हणजे 0.7071. हा आकडा मी घाम गाळून कमावलेला आहे.

करणीचा, म्हणजे √2 सारख्या पूर्ण न सुटणाऱ्या मुळांचा, धडा सुरू झाला त्या दिवशी घरीच गोंधळ झाला होता. आजीने विचारलं, आज काय शिकलास? म्हटलं, करणी. तिने लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते इतके हसले की पहिला तास त्यातच गेला.

सरांची शिकवायची तऱ्हा अगदी खानदेशी. √50 + √18 याचं उत्तर अर्ध्या वर्गाने √68 काढलं होतं. सर म्हणाले, "आधी सोला, मग मोजा." √50 मधून 25 बाहेर काढले की 5√2, √18 मधून 9 काढले की 3√2. "√2 म्हणजे केळीची फणी समज. पाच फण्या आणि तीन फण्या?" आठ फण्या, 8√2. "आणि शेजारी √3 आला तर ते भरताचं वांगं. केळी-वांगी एकत्र मोजून गिऱ्हाइकाला काय सांगशील?" सजातीय करणीची पुस्तकातली व्याख्या मी कधीच विसरलो, वांगं मात्र डोक्यातून गेलं नाही.

मग छेदाचं परिमेयीकरण, म्हणजे छेदातली करणी घालवणं. मी आगाऊपणे विचारलं, "1/√2 लिहिलं तर बिघडलं कुठे? √2/2 कशाला?" सरांनी उत्तर दिलं नाही. फळ्याशी उभं केलं आणि म्हणाले, "√2 म्हणजे 1.4142 धर. भाग त्याने 1 ला." म्हणजे 10000 ला 14142 ने. सात वेळा की आठ वेळा, खोड, पुन्हा लिही, हातचे विसर. चार दशांश स्थळांपर्यंत पोचेस्तोवर शर्टाची बाही खडूने पांढरी झाली. मग म्हणाले, "आता 1.4142 ला 2 ने भाग." ते तोंडीच झालं, 0.7071. "छेदात करणी ठेवलीस तर भागाकार तुलाच करायचाय, माझं काय जातंय?" 1/(√5 − √3) सारखी गणितं त्यानंतर मी मुकाट्याने सोडवली. वर-खाली √5 + √3 ने गुणायचं, छेदात 5 वजा 3 उरतात.

त्या वर्षी सहल चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीला गेली होती. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला, त्याचा शिलालेख त्याच पाटणचा. आम्ही धबधब्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलो आणि सर सांगत होते, "भास्कराचार्यांनी हेच गणित घातलंय, करणी 2 आणि करणी 8 मिळवा." त्यांची रीत अशी: 2 आणि 8 ची बेरीज 10. गुणाकार 16, त्याचं मूळ 4, दुप्पट 8. 10 आणि 8 मिळून 18. म्हणजे √2 + √8 = √18. डब्यातली भाकरी हातात धरून मी फण्या मोजून पाहिल्या: एक आणि दोन, तीन फण्या. 3√2, म्हणजे √18च.

एक लाल शेरा अजून सलतो. सहामाहीत √(x² − 6x + 9) चं सरळ रूप मी x − 3 लिहिलं. एक गुण गेला. समासात लिहिलं होतं, "x = 1 घालून बघ." घातलं. आत 4, मूळ 2. माझं उत्तर मात्र उणे 2. दोन उभ्या रेघा हव्या होत्या, |x − 3|, म्हणजे उत्तर उणे आलं तरी अधिकच धरायचं. त्या दोन रेघांसाठी मी सरांशी आठवडाभर बोललो नाही, आणि सरांच्या ते लक्षातही आलं नसावं.

नकाशा मशीनमधून बाहेर आला, ए-फोरवर चपखल. मुलाने विचारलं, "परत मोठा करायचा तर?" म्हटलं, 141. त्याने मोबाईलवर 0.71 गुणिले 1.41 केलं आणि मला दाखवलं: 1.0011.

ए-थ्रीच्या 420 मिलिमीटर लांबीवर तो फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर. छापखान्यात चालतो. सरांनी मात्र समासात लाल शाईने विचारलं असतं, √2 गुणिले 1/√2 किती?