ईम गावची शीव

बसमध्ये मी गावाचं नाव तीन वेळा तीन तऱ्हेनं घेतलं, एयाम, इयम, आयम. ड्रायव्हर नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला. शेवटी मागच्या सीटवरची एक आजीबाई म्हणाली, "ईम." संपलं. लिहायचं एक, म्हणायचं दुसरंच. पण बेळगावची किती नावं झाली हे बघत म्हातारा झालेल्या माणसानं दुसऱ्याच्या गावाच्या नावाला हसू नये, म्हणून गप्प बसलो.

मुलगा शेफील्डला नोकरीला आहे. ऑगस्टात आम्ही दोघं त्याच्याकडं महिनाभर राहिलो. लंडन, राणीचा वाडा वगैरे बघून झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांनी फोटोत बघितलंय. मग एका सुट्टीला तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. जवळच डर्बीशायरमध्ये एक खेडं आहे. साडेतीनशे वर्षांमागं त्या गावानं स्वतःला क्वारंटाइन केलं होतं." क्वारंटाइन म्हटल्याबरोबर बायकोनं माझ्याकडं बघितलं. का बघितलं ते पुढं सांगतो.

वाटेत मैलोगणती माळरान लागतं, त्या दिवसांत सगळं जांभळ्या फुलांनी भरलेलं. मग रस्ता उतरतो आणि दगडी घरांचं गाव येतं. एकाच लांबलचक रस्त्याला धरून वसलेलं, आमच्या मार्कंडेय नदीच्या काठच्या गावासारखंच. फक्त कुठं शेणाचा वास नाही, कुठं कोणी कट्ट्यावर बसलेलं नाही.

चर्चच्या शेजारी तीन-चार बैठी घरं आहेत. त्यांना प्लेगची घरंच म्हणतात. दारापुढं हिरव्या पाट्या लावल्यात आणि त्यांवर त्या घरात गेलेल्यांची नावं. पुढं फुलझाडं, आत माणसं राहतात, खिडकीत एक मांजर बसलेलं. १६६५ च्या उन्हाळाअखेरीला इथल्या शिंप्याकडं लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. लंडनला तेव्हा प्लेग चालू होता. कापड दमट होतं म्हणून शिंप्याच्या हाताखालच्या जॉर्ज व्हिकर्सनं ते शेकोटीपुढं वाळत घातलं. पिसवा कापडात होत्या असं मानतात. ७ सप्टेंबरला व्हिकर्स गेला. त्याच घरातली मेरी नावाची बाई जगली, पण तिची दोन्ही पोरं गेली आणि पुढच्या वर्षी नवराही.

थंडीत साथ थोडी बसली आणि १६६६ च्या उन्हाळ्यात परत उसळली. लोक गाव सोडायच्या बेतात होते. चर्चचा पाद्री विल्यम मॉम्पेसन अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, नुकताच आलेला. गावाचा त्याच्यावर फारसा जीव नव्हता. गावाचा जीव होता तो आधीच्या थॉमस स्टॅन्लीवर, ज्याला सरकारचा नवा धर्मकायदा मान्य नाही म्हणून १६६२ साली काढून टाकलं होतं. म्हणजे गावात दोन पार्ट्या आल्याच. गावकीचं राजकारण ज्यानं बघितलंय त्यालाच पुढच्या गोष्टीची किंमत कळेल: ही दोन माणसं एकत्र बसली आणि तोडगा काढला. शिवेबाहेर कोणी जायचं नाही. चर्चला कुलूप, प्रार्थना उघड्यावर, कुकलेट डेल्फ नावाच्या घळीत, घराघरानं अंतर ठेवून. आपलं मेलेलं माणूस आपणच पुरायचं, आपल्याच शेतात किंवा परसात. चॅट्सवर्थचा जहागीरदार, डेव्हनशायरचा अर्ल, शिवेवर धान्य पोचवू लागला.

शिवेवरचा तो दगड बघायला आम्ही चालत निघालो. बायकोचे गुडघे धरलेले, तिनं अर्ध्या वाटेवर एका फाटकाजवळ बैठक मारली. मी आणि मुलगा पुढं गेलो. कुरणाच्या कडेला, खालच्या स्टोनी मिडलटन गावाकडं तोंड करून, एक ओबडधोबड धोंडा. त्यावर सहा खळगे. खळग्यांत व्हिनेगर ओतायचं, त्यात नाणी टाकायची. खालच्या गावच्यांनी धान्य ठेवायचं, नाणी घ्यायची. जंतू कोणाला ठाऊक नव्हते, पण आंबट पाण्यात रोग मरतो एवढी समजूत होती. मी एका खळग्यात बोट घातलं. कड गुळगुळीत झालेली, आमच्या दारातल्या जुन्या उखळासारखी. आत पावसाचं पाणी आणि एक-दोन पेन्सची नाणी. येणारे-जाणारे अजून टाकतात. मुलानंही टाकलं. मी खिसा चाचपला तर दोन रुपयांचं नाणं निघालं. टाकलं तेच.

आम्हा बेळगावकरांना सीमा म्हटलं की १९५६ आठवतं, नकाशा आठवतो, कोर्ट आठवतं. इथं शीव म्हणजे एक धोंडा आणि त्याच्या अलीकडं थांबायची आपली आपण घातलेली शपथ.

गावाबाहेर अर्ध्या मैलावर रायली म्हणून शेत आहे. उतारावर दगडांचा गोल गडगा, आत हँकॉक घराण्याच्या कबरी. १६६६ च्या ऑगस्टात आठ दिवसांत एलिझाबेथ हँकॉकनं नवरा आणि सहा मुलं एकटीनं पुरली. प्रेतांच्या पायाला फडकं बांधून ओढत नेली म्हणतात. शेजारी लांबून बघत होते, जवळ कोणी आलं नाही. तिचा एक मुलगा शेफील्डला होता, नंतर ती त्याच्याकडं निघून गेली. हे वाचून मी गडग्याला टेकून उभा राहिलो. माझाही मुलगा शेफील्डलाच, शेजारी उभा राहून मोबाइलवर परतीची बस बघत होता.

आता माझ्या आजीचं सांगायला पाहिजे. १८९६ ला प्लेग मुंबईत आला आणि पुढची कैक वर्षं मुंबई इलाख्यात फिरत राहिला. तेव्हा आम्हीही त्याच इलाख्यात. आजी त्याला पलेग म्हणायची. लहानपणी तिनं दोन वेळा गाव रिकामं झालेलं बघितलं होतं. "घरात उंदीर पडला की हांडीभांडी गुंडाळायची नि माळ गाठायचा," असं सांगायची. माळावर कुडाच्या खोपी, तिथंच चूल, तिथंच बाळंतपणं. गावात फक्त कुत्री. महिन्या-दोन महिन्यांनी घरं सारवून, देवाला गाऱ्हाणं घालून परत.

म्हणजे ईमचे लोक गावात थांबले आणि आमचे पळाले. एवढी वर्षं मी वर्गात पळण्याला भित्रेपणा म्हणत आलो. पण खरं तर आमच्या अडाणी म्हाताऱ्याच बरोबर होत्या. प्लेगचा जंतू हाँगकाँगला येर्सिननं १८९४ मध्ये शोधला, आणि तो उंदरांच्या पिसवांतून पसरतो हे सिमाँनं कराचीत दाखवलं ते १८९८ साली. उंदीर पडला की घर सोडा, हे शास्त्र होतं, शास्त्राचं नाव माहीत नसताना केलेलं. मग ईमच्या लोकांनी थांबून मरणच ओढवून घेतलं का? एकूण २६० माणसं गेली. गावात तेव्हा होती किती यावर तिकडं एकमत नाही. जुना आकडा साडेतीनशेचा, नवा हिशेब सातशेच्या आसपास.

परतताना बसमध्ये हे सगळं मुलाला ऐकवलं. त्यानं माझ्या सिद्धांतावर पाणी ओतलं. २०१६ साली गावच्या दफनाच्या नोंदींवरून एक अभ्यास झाला, त्यात निघालं की ईममध्ये चारांतल्या तिघांना लागण उंदरांकडून नाही, माणसाकडूनच झाली. म्हणजे शीव राखली ते बरोबर आणि घरात दाटीनं राहिले ते वाईट. आजीही बरोबर, मॉम्पेसनही बरोबर. माझा वर्गातला धडा तेवढा चुकला.

चर्चच्या आवारात सॅक्सन काळातला, हजार वर्षांहून जुना दगडी क्रूस आहे. त्याच्याजवळ मॉम्पेसनच्या बायकोची, कॅथरीनची कबर. मुलांना यॉर्कशायरला पाठवलं, पण ती नवऱ्याला सोडून गेली नाही. २५ ऑगस्टला वारली, वय २७. भिंतीवर १७७५ ची मोठी सूर्यघडी आहे, ती वाचायला मला दहा मिनिटं लागली आणि तरी चुकलीच. गावातल्या पाणवठ्यांवर त्या आठवड्यात फुलांच्या पाकळ्यांची चित्रं उभी केली होती: लाकडी फळीवर ओल्या मातीचा थर आणि त्यात एकेक पाकळी दाबलेली. बायको तिथंच रमली. रांगोळीवाल्या बाईला दुसरं काय लागतं? साथीतला शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ चा. १९५६ ला त्याच तारखेला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून आमच्याकडं त्या दिवशी आम्ही काळ्या पट्ट्या बांधून फेरी काढतो. तारीख वाचून उगीच दचकलो.

तर बायकोनं माझ्याकडं का बघितलं. २०२० च्या एप्रिलात आमच्या गावानंही वेस बंद केली. पाणंदीवर बोराट्या टाकल्या, आडवा ओंडका लावला. माझं अक्षर चांगलं म्हणून पत्र्याचा बोर्ड मीच रंगवला: 'बाहेरून येणाऱ्यांना गावात सक्त मनाई.' ईमच्या दगडाचं तोंड बाहेर आणि आमच्या बोर्डाचंही तोंड बाहेर, पण तिथं सांगणं होतं, आम्ही येत नाही. आमचं सांगणं होतं, तुम्ही येऊ नका. मे महिन्यात माझा चुलतभाऊ मुंबईहून आला. भांडुपची खोली सोडून, मिळेल त्या गाडीनं चंदगडपर्यंत, पुढं शिनोळीवरून आडवाटेनं चालत. हाच गाव, हीच त्याची जमीन. पोरांनी त्याला ओंडक्याजवळ अडवलं आणि मला बोलावलं. मी तोंडाला रुमाल बांधून वीस हात लांब उभा. तो म्हणाला, "आण्णा, तुझं अक्षर लांबूनच वळखलं."

चौदा दिवस शाळेत ठेवला. किल्ली माझ्याकडं होती. त्याची बायको गेटाजवळच्या फरशीवर डबा ठेवून मागं सरकायची, मग तो येऊन घ्यायचा. त्याला काही झालं नव्हतं, आम्हालाही नाही. नंतर तो मुंबईला गेलाच नाही. दोन म्हशी घेतल्या, भातही करतो. आमच्यात त्या दिवसांचं बोलणं कधी निघालं नाही.

इंग्लंडहून आल्यावर परवा त्याच्या गोठ्यात बसून त्याला फोटो दाखवले. दगडाचा फोटो त्यानं बोटानं मोठा करून बघितला.

"पैसं कोण उचलूलाय ह्यातलं?"

"आता कोण उचलणार? लोक असंच टाकतात."

"आणि तू काय टाकलास?"

"दोन रुपये."

तो हसला. मग मागच्या कुडाकडं मान केली. "तुझा बोर्ड त्यो बघ. वासराला वारं लागतंय म्हणून लावलोय. अक्षरं आतल्या अंगाला हाईत, पुसली न्हाईत अजून. रंग चांगला वापरल्तास."