विहिरीचं नाव पाकिटावर

आमच्या कांदा-लसूण चटणीची सुरुवात २०११ साली मंगळवार पेठेतल्या घरातून झाली. ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा तिखटपणा, भाजलेलं खोबरं आणि सासूबाईंचा हात. उन्हाळ्यात दिवसा कांडपावर नंबर लावायचा, रात्री लसूण सोलायचा. नावाचा फार विचार केला नाही. 'कोल्हापुरी' आणि 'झणझणीत' हे शब्द जोडले आणि लेबलं छापली.

आठेक वर्षांनी नेहमीच्या एक ताई फोडलेलं पाकीट घेऊन आल्या. "वहिनी, या वेळची चटणी खवट लागतीया." वास घेतला, खोबरं खरंच खवट होतं. पण पाकीट आमचं नव्हतं. नाव तेच, लाल रंग तोच, पत्ता निराळा. त्या माणसाकडं गेलो तर तो म्हणाला, "कोल्हापूर काय तुमच्या एकट्याचं हाय व्हय?" येताना गाडीवर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

मग ट्रेडमार्कचं मनावर घेतलं. भाच्यानं घरी बसूनच ऑनलाइन अर्ज भरला. फॉर्म टीएम-ए. नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, मसाल्यांसाठी वर्ग ३०. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी असल्यानं फी ९,००० ऐवजी ४,५०० रुपये, तीही दर वर्गाला वेगळी. नाव आधीपासून वापरात असल्याचं लिहिलं, म्हणून प्रतिज्ञापत्र आणि जुनी बिलं जोडावी लागली. २०११ चं बिलबुक माळ्यावर सापडलं. पहिल्याच पानावर तेलकट बोटाचा तांबडा ठसा होता. तेच पान स्कॅन केलं.

काही महिन्यांनी तपासणी अहवाल आला. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची हरकत : नावात गाव आहे आणि मालाचा गुण आहे, वेगळी ओळख पटेल असं काही नाही. उत्तराला मुदत एक महिना. मी तो तीनदा वाचला. त्या माणसाचंच बोलणं कायद्याच्या भाषेत लिहिलेलं होतं. वापरानंच हे नाव आमचं झालंय हे दाखवायची वाट होती, पण तेवढा पुरावा आमच्याकडं नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला ते पटलं. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन, म्हणजे गावाच्या नावावरचा हक्कसुद्धा एका दुकानाचं नाही. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतल्या कारागिरांचं ते आहे.

अर्ज सोडला. फी गेली.

नवं नाव म्हटल्यावर घरात आधी अंबाबाई, मग जोतिबा. यावेळी मात्र अर्जाआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घेतला, उच्चार जुळणारी नावंही तपासली. देवांच्या नावांचे अर्ज संपता संपेनात. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आपल्या मळ्यातल्या हिरीचं नाव घाला की." त्या नावाचा चटणीशी काडीचा संबंध नाही, म्हणूनच ते टिकलं. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आलं, विरोधासाठीचे चार महिने मी रोज भाच्याला स्थिती बघायला लावलं. कुणी विरोध केला नाही. प्रमाणपत्र अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांचं आहे, पुढं नूतनीकरण.

मधल्या काळात छपाईवाले म्हणाले होते, "गोलातला आर आत्ताच टाकू, कोण बघतंय?" तो आर म्हणजे नाव नोंदलेलं असल्याची खूण, टीएम म्हणजे नुसता नावावरचा दावा. आम्ही टीएमच ठेवलं. नोंदणी व्हायच्या आधी तो आर छापायला कायद्यानं मनाई आहे आणि ते ग्राहकाशी खोटं बोलणंही आहे.

आता लोणच्यासाठी वर्ग २९ चा अर्ज केलाय. जुन्या नावाची उरलेली पाकिटं सासूबाईंनी मळ्यावर नेली, त्यात त्या घेवड्याचं बी ठेवतात.