एसीची घरघर आणि ‘गॅस कमी आहे’ हे ठरलेलं उत्तर

गाडीचा एसी गार करेनासा झाला की बहुतेक दुकानांत निदान आधीच तयार असतं: गॅस कमी आहे, भरून देतो. आवाज येतो म्हणा, गॅस. सिग्नलला गरम हवा येते म्हणा, तरी गॅस. माझी गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक. बेल्टवर फिरणारा साधा क्लचवाला कॉम्प्रेसर (गॅस दाबून पुढे ढकलणारा पंप; एसी लावला की क्लच त्याला पुलीशी जोडतो), आत आर-१३४ए गॅस. तक्रारी दोन होत्या: एसी लावला की बॉनेटखालून घरघर, आणि गाडी उभी असताना गारवा नावापुरता, हायवेला त्यातल्या त्यात बरा. नीट तपासलं तर हे निदान अर्ध्या तासाचं आहे. वेळ खाल्ला तो दुकानदाराला दोन्ही प्रेशर गेजचे काटे एकत्र वाचायला लावण्यानं.

आवाजाचा उगम घरीच शोधता येतो. इंजिन बंद, चावी ऑन, ब्लोअर फुल. आवाज इथेच असेल तर ब्लोअरमध्ये पान अडकलंय किंवा त्याच्या मोटरचं बुश गेलंय. मग इंजिन चालू, एसी बंद. कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही फिरतच असते, त्यामुळे इथे येणारी घरघर पुलीच्या बेअरिंगची असू शकते, नाहीतर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), अल्टरनेटर किंवा वॉटर पंपाची. बेल्ट काढून प्रत्येक पुली हातानं फिरवली की खरखरणारी लगेच कळते. बेल्ट काढून इंजिन चालवून बघायचं असेल तर मिनिटभराच्या आत बंद करा, वॉटर पंप त्याच बेल्टवर असू शकतो. शेवटी एसी लावा. क्लच लागल्याचं ‘टक’ झाल्यावर क्षणभर किंचाळी आली तर बेल्ट सैल. ‘टक’नंतर सलग घरघर आली आणि रेस दिल्यावर वाढली, तर दोष क्लच प्लेटमध्ये किंवा कॉम्प्रेसरच्या पोटात. माझा प्रकार हा शेवटचा. लांब स्क्रू ड्रायव्हर कॉम्प्रेसरच्या बॉडीला टेकवून मूठ कानाशी धरली की आतला खडखडाट स्पष्ट ऐकू येतो. (बाह्या दुमडून, फिरत्या बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब.)

डॅशबोर्डमधून येणारी बारीक ‘स्स्स’ वेगळी. एसी बंद केल्यावर काही सेकंद ती येणारच. एसी चालू असताना सलग येत असेल तर मात्र गॅस खरोखर कमी असण्याची शक्यता आहे.

गेज लावण्याआधी कंडेन्सरचा (गाडीच्या पुढच्या बाजूला गरम गॅस गार करणाऱ्या जाळीचा) पंखा बघा. पंखा बंद असला तरी लक्षण हेच दिसतं: उभ्या गाडीत गरम, पळत्या गाडीत गार. शिवाय प्रेशर चढून कॉम्प्रेसर कण्हायला लागतो. माझा पंखा ठीक होता.

आता मुख्य भांडण. दुकानात इंजिन बंद असताना गेज लावलं, दोन्ही काटे शंभराच्या आसपास, आणि लगेच निकाल: ‘बघा, गॅस कमी.’ बंद गाडीतल्या प्रेशरवरून गॅस किती आहे हे कळतच नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये पाव गॅस उरला काय आणि पूर्ण भरलेला असला काय, आत थोडा जरी द्रव असेपर्यंत प्रेशर तेच राहतं, इथेही तसंच. ते फक्त तापमानावर ठरतं: ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय, ३५ अंशांना ११४ च्या आसपास. आकडा यापेक्षा बराच खाली असेल तरच गॅस गेलाय म्हणता येतं.

खरं वाचन चालू गाडीत. दारं उघडी, ब्लोअर फुल, इंजिन १५०० आरपीएमवर. बाहेर ३३-३४ अंश असताना धडधाकट सिस्टिममध्ये निळं गेज (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं, कमी प्रेशरचं) ३० ते ४० आणि लाल (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं, जास्त प्रेशरचं) २०० ते २४० पीएसआय दाखवतं. माझ्याकडे निळं ६८, लाल १४५. दुकानदारानं फक्त लाल बघितलं आणि पुन्हा गॅसचंच पालुपद. अहो, गॅस कमी असेल तर दोन्ही काटे खाली येतात. निळा वर चढत नाही. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे कॉम्प्रेसर एकीकडून ओढत नाही आणि दुसरीकडे ढकलत नाही. आतले व्हॉल्व्ह किंवा पिस्टन झिजलेत. रेस दिल्यावर आरपीएम वाढतो तसा थोडा जोर येतो, म्हणून हायवेला जरा गार.

एक शंका रास्त होती: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) उघडा अडकला तरी निळा काटा चढतो. पण तेव्हा लाल काटा बहुधा जागेवर असतो आणि कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड पाइप थंडगार, घाम फुटलेला असतो. माझा पाइप कोमट होता. खात्रीसाठी कंडेन्सरपुढे पुठ्ठा धरायला लावला. हवा अडली की लाल काटा भराभर चढायला हवा (३०० ला पोचायच्या आत पुठ्ठा काढायचा). तो जेमतेम १६० पर्यंत सरकला आणि तिथेच बसला.

तरीही वाद मिटेना, तेव्हा उपाय एकच उरतो: वजनकाटा. मशीननं गॅस बाहेर काढून तोलायचा. बॉनेटखालच्या स्टिकरवर माझ्या गाडीला ४०० ग्रॅम लिहिलंय, निघाला ३८५. मशीन शेवटचा थेंब ओढत नाही, म्हणजे गॅस पुरेसा होता. ज्या दुकानात हे मशीन नाही तिथे गॅस हवेत सोडतात आणि अंदाजानं भरतात. तिथून गाडी वळवा. ४०० ग्रॅमच्या सिस्टिममध्ये पन्नास-साठ ग्रॅम जास्त गेला तरी प्रेशर चढतं आणि आधीच झिजलेला कॉम्प्रेसर लवकर बसतो.

कॉम्प्रेसर उतरवल्यावर त्यातलं ऑइल पांढऱ्या कागदावर ओतायला सांगा. स्वच्छ निघालं तर काम स्वस्तात. माझं काळपट आणि चमचमणारं होतं, म्हणजे धातूचा भुगा. तो पुढे कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक नळ्यांत बसतो आणि फ्लशिंगनं (आतून धुऊन) निघत नाही. कंडेन्सर, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलावेच लागतात. पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करून नायट्रोजननं वाळवायची. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर तोच भुगा नव्यात जातो. बाकी बसवाबसवी सरळ झाली.

गॅस भरण्याआधी पंपानं आतली हवा ओढून काढायची, म्हणजे व्हॅक्यूम, किमान अर्धा तास, आणि पंप बंद केल्यावर पंधरा मिनिटं काटा हलता कामा नये. पुण्यात उंचीमुळे गेज २८ इंचांच्या आसपासच थांबतं; २९ आलं नाही म्हणून लीक शोधत बसू नका. बेल्ट चढवण्याआधी क्लच प्लेट हातानं आठ-दहा वेळा फिरवून घ्या, आत साचलेलं ऑइल सरकतं. ऑइलचा ग्रेड स्टिकरप्रमाणे. हायब्रिड गाडीच्या इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरमध्ये मात्र नेहमीचं पीएजी ऑइल अजिबात नको, त्याचं वेगळं असतं.

हो, क्लचचं राहिलंच. अर्ध्या तासानं एसी आपोआप सुटत असेल आणि गार झाल्यावर पुन्हा लागत असेल, तर कॉम्प्रेसर बदलण्याआधी प्लेटची फट फीलर गेजनं मोजा. साधारण ०.३ ते ०.६ मिमी हवी. झिजून वाढली असेल तर आतली शिम (पातळ चकती) कमी करून काम भागतं.

काम झाल्यावर निळं ३४, लाल २१५, व्हेंटमध्ये ८ अंश. हे आकडे बिलाच्या मागे लिहून घेतले. आणि बिलात नवा ड्रायर व फ्लशिंग या वेगळ्या ओळी हव्यातच. त्या नसतील तर कॉम्प्रेसरची वॉरंटी बहुतेक वेळा नाकारतात.