जुना स्वेटर उसवून नवा विणला: माझा अनुभव

जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा करायचा असेल तर रंग आवडतो का, मऊ आहे का, हे प्रश्न नंतरचे. आधी स्वेटर उलटा करायचा आणि काखेखालची शिवण बघायची. दोन्ही भागांच्या कडा अखंड असतील, म्हणजे प्रत्येक ओळ कडेपर्यंत जाऊन वळून परत आलेली दिसत असेल, तर तो उसवता येतो. तिथे ओव्हरलॉकची दाट शिलाई असेल तर नाद सोडावा. यंत्रावर विणलेल्या कापडातून कापून शिवलेला असतो तो. त्याची प्रत्येक ओळ कात्रीने तुटलेली असते आणि उसवला तर हाती नुसते तुकडे येतात.

मावशीने ट्रंकेतून दोन स्वेटर काढून दिले होते. राखाडी होता तो विकतचा, त्यामुळे तो पहिल्याच परीक्षेत बाद झाला. मरून मात्र तिने स्वतः विणलेला, काकांची रेल्वेत झाशीला बदली झाली तेव्हाचा. पुण्याला परत आल्यावर त्याची गरज कमी झाली आणि काकांचा घेर वाढला. "उसव खुशाल," मावशी म्हणाली, "पण फुकट घालवू नकोस गं, धारीवालची लोकर आहे ती."

मावशीच्या पिढीत लोकर म्हटलं की कानपूरची लाल इमली नाहीतर पंजाबातलं धारीवाल, हीच नावं तोंडात यायची. दोन्ही गिरण्या इंग्रजांच्या काळातल्या, पहिली १८७६ ची, दुसरी १८८० ची. आता दुकानात दिसतो तो बहुतेक माल लुधियानाचा, आणि आपण त्याला सवयीने लोकर म्हणत असलो तरी मेंढीशी त्याचा संबंध नसतो. ॲक्रिलिक असतं ते. त्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. लहान बाळाचं टोपडं, मोजे रोज धुवावे लागतात, तिथे ॲक्रिलिकच बरं. पण अंगात घातल्यावर उबेत जो फरक पडतो तो पडतोच. मेरिनो मेंढीची शुद्ध, मऊ लोकर मिळते, नाही असं नाही, पण एका मोठ्या स्वेटरपुरती घ्यायची तर किंमत कित्येक पट. मावशीच्या ट्रंकेत पाव शतकाहून जास्त काळ खरी लोकर नुसती पडून होती. मला मोह झाला तो त्यामुळे. आठवणी वगैरे जपायच्या म्हणून नव्हे.

आमच्या पेठेत लोकरीचं एक दुकान आहे. तुळशीबागेच्या गर्दीपासून जरा आत, अरुंद, छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर रंगवार लावलेली पाकिटं. गल्ल्यावर काकू बसतात. काउंटरच्या बाहेर तीन स्टुलं आहेत आणि दुपारी चारला शटर वर गेलं की ती लगेच भरतात. कुणाचा टाका सुटलेला असतो, कुणाचा गळा डोक्यातून जात नसतो, कुणाला सुनेच्या बाळंतविड्यासाठी कुंची, टोपडं आणि मोजे एकाच रंगात हवे असतात. हल्ली कॉलेजातली मुलंमुलीही येतात, त्यांना क्रोशाचे छोटे प्राणी करायचे असतात. काकू सगळ्यांना शिकवतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. एकच अट: लोकर त्यांच्याकडून घेतलेली पाहिजे. दुसरीकडची लोकर त्या दुरून ओळखतात. "हा शेड माझ्याकडचा नाही," एवढंच म्हणतात आणि पुढच्या बाईकडे वळतात.

मी तर आख्खा जुना स्वेटरच घेऊन गेले होते. काकूंनी तो हातात घेतला, दोन बोटांत चोळला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग आतल्या बाजूने लोंबणारा एक धागा तोडला आणि उदबत्तीजवळची काडेपेटी घेतली. खरी लोकर ज्योतीपासून मागे सरते, काडी बाजूला केली की आपोआप विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा चिमटीत चुरतो. ॲक्रिलिक वितळतं, जळत राहतं आणि शेवटी कडक मणी उरतो. आमचा गोळा चुरला. वास इतका आला की स्टुलावरच्या बाईंनी नाकाला पदर लावला.

"उसवून आण," काकू म्हणाल्या. "मग बघू."

हे "मग बघू" म्हणजे होकार आहे असं मी धरून चालले.

उसवताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: धागा जिथे संपला तिथून सुरुवात. स्वेटर खालून वर विणलेला असेल तर तो वरून खाली उसवतो. खालच्या कडेने ओढत बसलं तर प्रत्येक टाक्यातून टोक काढावं लागतं आणि वैताग येतो. म्हणून आधी शिवणी उकलायच्या, बारीक टोकाच्या कात्रीने, आणि शिवणीचाच धागा कापायचा. मावशीने शिवण त्याच लोकरीने घातलेली, त्यामुळे टाका कोणता आणि शिवण कोणती हे उजेडात धरून बघावं लागत होतं. मग गळपट्टी, मग खांदे, आणि त्यानंतर मात्र पाठ भराभरा उसवत गेली. बाह्या मनगटापासून वर विणलेल्या होत्या, म्हणून त्या मुंढ्याकडून सुटल्या.

काखेत आणि एका कोपरावर कसर लागली होती. ही भोकं उडणारी पाकोळी पाडत नाही, तिची अळी पाडते, आणि तिला लोकर, केस, पिसं असलंच खाणं लागतं. ॲक्रिलिकला ती विचारत नाही. जिथे भोक तिथे धागा तुटणार. पण खऱ्या लोकरीची एक सोय आहे. तुटलेली दोन्ही टोकं जरा पिंजायची, एकमेकांवर ठेवायची, पाण्याचा थेंब लावायचा आणि तळहातांमध्ये जोरात चोळायची. ऊब, ओल आणि घर्षणाने तंतूंचे खवले एकमेकांत अडकतात आणि धागा सांधला जातो. गाठ नाही, लोंबणारं टोक नाही. मावशीला हे माहीत होतं, काकूंना माहीत होतं, मला मात्र चाळिशी उलटल्यावर कळलं.

उसवलेला धागा तसाच गुंडाळून विणायला घेऊ नये. तो मॅगीसारखा वेटोळा झालेला असतो आणि त्याचे टाके लहानमोठे पडतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याच्या लड्या केल्या, प्रत्येक लडी चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधली आणि रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजत घातली. चोळायची नाही, पिळायची नाही, आणि कोमट पाण्यातून काढून थेट थंड पाण्यात टाकायची नाही, नाहीतर टोकं सांधताना जे हवं असतं तेच सगळ्या लडीचं होऊन बसतं. टॉवेलात दाबून पाणी काढलं आणि बाल्कनीतल्या दांडीवर टांगली. खाली वजन लावावं की नाही यावर दुकानात दोन तट पडले. मी ओला पंचा अडकवला, तेवढ्यावर वेटोळी सुटली. ऑक्टोबरचं ऊन होतं म्हणून सावलीतही लवकर वाळली. पावसाळ्यात पुण्यात हा उद्योग करूच नये.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्वेटर ४७० ग्रॅम भरला होता. कसर, तुटके तुकडे आणि कॉलरची विटलेली लोकर वगळून हाती आली ४१५. मला हवा होता पूर्ण बाह्यांचा स्वेटर, माझ्याच मापाचा, सकाळी तळजाईवर फिरायला जाताना घालायचा. म्हणजे पुरली तर जेमतेम.

"हाफ कर," काकूंनी निकाल दिला. "बाह्यांचा हट्ट सोड."

"नाहीतर पट्टे घालते दुसऱ्या रंगाचे."

"कशाचे? माझ्याकडच्या लोकरीचे?" 'लोकरीचे' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की स्टुलावर हसू फुटलं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. खरी लोकर आणि ॲक्रिलिक एकाच अंगात घातलं तर धुताना, वाळताना दोघांचं वागणं वेगळं, पट्ट्यापट्ट्याने स्वेटर वेडावाकडा होतो. मी गंमतीत घोंगडीच्या लोकरीचं नाव काढलं, तर काकू म्हणाल्या, घालून बघ, मग खाजव. मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉनचा, आपल्या दख्खनी मेंढीचा त्याहून कितीतरी जाड. घोंगडी पाऊसवारा अडवते ती त्या जाड लोकरीने, गळ्याशी मात्र ती टोचणार.

मार्ग निघाला तो विणायच्या दिशेतून. काकूंची पद्धत पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या वेगवेगळ्या विणून शेवटी शिवायची. त्यात लोकर कमी पडली हे कळतं तेव्हा दुसरी बाही अर्धी झालेली असते. मी गळ्यापासून खाली, गोल सुईवर, शिवणीशिवाय विणायचं ठरवलं. गळ्याचे टाके घालायचे, त्यांचे पाठ, पुढा आणि दोन बाह्या असे भाग पाडायचे आणि मधल्या चार रेघांच्या दोन्ही अंगांना एकेक टाका वाढवत जायचं, म्हणजे दर दुसऱ्या ओळीला आठ टाके. काखेपर्यंत आलं की बाह्यांचे टाके सुती दोऱ्यावर काढून ठेवायचे. आणि इथे खरी चलाखी आहे: अंग पूर्ण करायचं नाही, आधी दोन्ही बाह्या संपवायच्या. मग जेवढी लोकर उरेल तेवढी अंगाची लांबी. कमी पडली तर स्वेटर चार बोटं आखूड होईल, पण अर्धवट राहणार नाही.

काकूंना हे पटलं नाही. खांद्याला शिवण नसली की स्वेटर लोंबतो, असं त्यांचं ठाम मत आहे आणि त्यात तथ्यही आहे. तरी त्यांनी सुई काढून दिली, आणि तिथे आमचं नंबरावरून अडलं. माझ्याकडचा नमुना अमेरिकन होता, त्यात ८ नंबरची सुई. काकूंनी आठ नंबरची दिली. पाकिटावर ४ मिलिमीटर. नमुन्यात मात्र ८ म्हणजे ५ मिलिमीटर. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मापं चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते; अमेरिकेत नंबर वाढला की जाड. मोबाइलवर नमुने बघून विणणाऱ्या सगळ्यांनी मिलिमीटरच बघावेत, नंबर विसरून जावा. मी चार आणि साडेचार दोन्ही घेतल्या. काकूंचा तेवढाच धंदा झाला.

मग नमुन्याचा चौकोन. हा विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण उसवलेल्या लोकरीला तर तो हवाच, कारण पाकिटावर छापलेलं माप आपल्याकडे नसतं. विणून, धुऊन, वाळवून मग १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. ४ च्या सुईवर माझे २२ आले, साडेचारवर २०. छातीचा घेर मला १०० सेंटिमीटर हवा, म्हणजे २० च्या हिशेबाने २०० टाके. तेच २०० टाके २२ च्या विणीत ९१ सेंटिमीटर होतात, आणि तो स्वेटर माझ्या भाचीला जातो. साडेचारची सुई कायम केली. चौकोनही नंतर उसवला. तेवढी लोकर सोडायची ऐपत नव्हती.

विणण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गोल विणीत सगळे टाके सुलट, त्यामुळे हात आपोआप चालतो. बँकेतल्या रांगेत विणलं, मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा विणलं. बाही विणण्याआधी आणि झाल्यावर गुंडा काट्यावर ठेवायचा. पहिलीला ६५ ग्रॅम लागली, दुसरीसाठी तेवढी वेगळी काढून ठेवली आणि बाकीची निर्धास्तपणे अंगाला लावली. रंगाची एक अडचण मात्र आली. बाह्यांची लोकर उन्हाने थोडी उतरलेली, पाठीची गडद. दुकानातून घेताना लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, एकच आहे ना हे बघतो, तसं इथे काही नाही. त्यावर काकूंनी तोडगा सांगितला: दोन गुंडे घे, एक फिकट, एक गडद, आणि दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या. फरक सगळीकडे पसरतो आणि डोळ्यांना कळत नाही. शिवणीवरून माझ्याशी भांडणाऱ्या बाईंनी माझा स्वेटर वाचवला तो असा.

खालची पट्टी दोन सुलट दोन उलट घातली आणि टाके बंद केले तेव्हा काट्यावर २२ ग्रॅम उरले होते. लांबी कमरेच्या हाडाखाली तीन बोटं, मनासारखी. धुऊन टॉवेलवर सपाट पसरून वाळवला. टांगला असता तर ओल्या लोकरीच्या वजनाने काकूंचं भाकीत खरं ठरलं असतं. मावशीने तो उलटा केला, काखेतले टाके तपासले आणि "शिवण कुठाय याला?" म्हणाली. काका म्हणाले, मला मोठा करून देता आला असता की.

थंडी सुरू झाल्यावर स्वेटर घालून दुकानात गेले. तेव्हा तिबेटी लोकांचे तयार स्वेटरांचे स्टॉल लागलेले होते आणि काकूंच्या स्टुलांवर नेहमीपेक्षा गर्दी होती. एकीच्या मांडीवर बाटलीहिरवा जुना स्वेटर होता, दुसरीच्या पिशवीतून निळी बाही डोकावत होती. काकू काडेपेटी घेऊन बसल्या होत्या आणि काउंटरवर पुठ्ठ्याची नवी पाटी टेकवलेली होती: जुनी लोकर आणणाऱ्यांना शिकवणीचे पैसे पडतील. मला म्हणाल्या, "तुझ्यामुळे लावावी लागली. तुझा हिशेब बटणांत वळता करून घेऊ, बैस." माझ्या स्वेटरला बटणं नव्हती. तरी सहा घेतली.