तुम्ही विचारलंत म्हणून: एकट्याने खेळताना हरतं कोण?

टेबलावर छोटे शिपाई मांडून जुन्या लढाया फाशांनी खेळायचा माझा छंद आहे, आणि तो मी एकट्याने खेळतो. "मग हरतं कोण?" हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारला याची मोजदाद मी सोडून दिलीय. गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत विचारलाय, ऑफिसच्या लिफ्टमध्ये विचारलाय. आई तर दर डिसेंबरात फोनवर विचारतेच, "अजून ते शिपाई मांडून एकटाच बसतोस होय रे?" विचारणाऱ्याच्या ओठांवर हसू आधीच आलेलं असतं, उत्तर त्याला नकोच असतं. मग मीही "दोन्हीकडे मीच, त्यामुळे जिंकतोही मीच" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. यंदा नीट सांगतो, म्हणजे पुढच्या गणपतीत निदान प्रसाद तरी सुखाने खाता येईल.

शिपाई किती, कुठले आणि त्यांच्यावर किती पैसे गेले हे तुम्हाला ठाऊक आहे. निम्म्या लोकांनी टेबल पाहिलंय, आणि तुमच्यातल्या एकाच्या चिरंजीवांनी एक कोझाक (रशियन घोडेस्वार) खिशात घालून नेलाय. तो परत मिळाला तर बरं होईल.

एक गैरसमज आधी काढून टाकतो. मी एकटा पडलोय म्हणून खेळतो, असं नाही. बायको हॉस्पिटलच्या औषध विभागात आहे, नाताळात तिची ड्यूटी लागते. 25 तारखेला इथे इंग्लंडात ट्रेन धावत नाहीत, लीड्समध्ये पावणेचारला सूर्य मावळतो. ऑफिस 24 पासून नव्या वर्षापर्यंत बंद. असा आठवडा पुण्यात मिळाला असता तर मीही लग्नं, मुंजी, मिसळ यांत घालवला असता. इथे मी जेवणाच्या टेबलावर 6 फूट बाय 4 फुटांचा प्लायवूडचा तख्ता टाकतो आणि नेपोलियनच्या लढायांचं 1806 साल मांडतो.

का 1806, आणि आपलं काही का नाही, हा तुमचा दुसरा लाडका प्रश्न. "इंग्रज-फ्रेंचांच्या लढाया कशाला खेळतोस, आपल्या काय कमी आहेत?" अहो, खेळलोय. असई खेळलोय. 23 सप्टेंबर 1803, कैलना आणि जुई या नद्यांच्या मधली जमीन. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा इंग्रज सेनापती वेलस्ली तेव्हा वॉटर्लूच्या मैदानापासून बारा वर्षं लांब होता. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, म्हणजे मधे नदी पायी ओलांडण्याजोगा उतार असणारच, एवढ्या अंदाजावर त्याने फौज पाण्यात घातली. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त लोक पडले तरी तो जिंकला, आणि म्हातारपणीही आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेत असे. मी ती चार वेळा मांडली आणि चारही वेळा शिंदे जिंकले. पहिल्यांदा उतार सापडला नाही, दुसऱ्यांदा पाणी जास्त निघालं, तिसऱ्यांदा वेलस्लीच्या घोड्याला गोळी लागली ती जरा वर लागली. चौथ्यांदा काय झालं ते आता आठवत नाही, पण शिंदेच जिंकले एवढं आठवतं. एकट्याने खेळायला दोन्ही बाजू सारख्याच परक्या लागतात. शिंद्यांच्या बाबतीत ते मला जमत नाही.

पुल्तुस्कच्या बाबतीत जमतं. पोलंडमध्ये नारेव नदीकाठचं हे गाव, आणि लढाईची तारीख 26 डिसेंबर. नाताळाच्या सुट्टीसाठीच नेमल्यासारखी. बर्फ वितळून झालेला गुडघाभर चिखल, वरून पाऊस आणि हिम. फ्रेंच मार्शल लान 20,000 च्या आसपास माणसं घेऊन येतो. समोर थोडीच रशियन पिछाडी असेल, असं त्याला वाटतं. उंचवट्याच्या पलीकडे रशियन सेनापती बेनिग्सेन 40,000 हून जास्त फौज घेऊन उभा आहे, ती लानला दिसत नाही. आता मला सांगा, लान मीच आणि बेनिग्सेनही मीच, तर मला न दिसणारं मी दिसू द्यायचं कसं नाही?

खेळ आहे तो इथे. उंचवट्यावर पत्त्यांची 12 पानं उलटी ठेवतो. सातांच्या पाठीमागे खऱ्या पलटणी, पाच कोरी. पिसून ठेवलेली, त्यामुळे कुठे काय ते बेनिग्सेनलाही माहीत नाही. रशियन डावासाठी आदल्या रात्री तीन बेत कागदावर लिहितो आणि त्यातला कुठला घ्यायचा ते फाशावर सोडतो. पुढची चाल कोणाची, ते लाल-काळं पान उपसून ठरतं. लानच्या हाताखालच्या स्युशेची पलटण मला जंगलाकडे न्यायची असते, आणि सलग तीन काळी पानं येतात, मग रशियन बार्क्ले द टॉली आधीच जंगलात शिरून बसतो. चिखल म्हणून पायदळाची चाल 6 इंचांवरून 4 वर आणलीय. फ्रेंच जनरल दोल्तानची कुमक दुपारनंतर येते, ती सातव्या खेळीपासून: दर खेळीला एक फासा, 5 किंवा 6 पडला तर आला. नियम मीच केलेत, मान्य. पण एकदा केले की ते माझ्या बाजूचे नसतात.

असं मी म्हणतो. आता जे सांगतो ते बायकोलाही पुरतं सांगितलेलं नाही.

मी एकटा खेळणारा नव्हतो. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर दुसऱ्या गुरुवारी आम्ही आठ-दहा जण जमायचो. तिथे एक निवृत्त पोस्टमन यायचे. नाव सांगत नाही. मला हा खेळ त्यांनीच शिकवला. शिपायांच्या छातीवरचे पांढरे पट्टे ब्रशने ओढताना श्वास कधी रोखायचा इथपासून. (ओव्हरकोट घातलेले हिवाळी शिपाई घे, पट्टे निम्मे झाकलेले असतात, हाही सल्ला त्यांचाच.) त्यांची पत्नी गेल्यापासून 26 डिसेंबरला ते आमच्याकडे यायचे. येताना मिन्स पाय (नाताळातला गोड पदार्थ) आणायचे, जाताना चकल्यांचा डबा न्यायचे. सहा वर्षं हा क्रम चालला. सहा वर्षांत मी त्यांच्याशी त्या दिवशी एकही डाव जिंकलो नाही.

2017 ला आम्ही आयलाऊची लढाई मांडली होती. फेब्रुवारी 1807, हिमवादळात फ्रेंच मार्शल ओझरोचं कोअर, म्हणजे फौजेचा मोठा भाग, भरकटतं, आणि पोकळी भरायला नेपोलियनच्या घोडदळाचा सेनापती म्युरा 10,000 च्या आसपास स्वार एकाच हल्ल्यात सोडतो. मी फ्रेंच, ते रशियन. तख्त्यावर बायकोची जुनी पांढरी चादर, तिच्यावर बर्फ म्हणून मी मैदा भुरभुरवला होता. माझा म्युरा तयार होता. पुढचा रिसाला त्यांच्या तोफांपर्यंत पोचला की मागचे सगळे आत घुसणार, नाही पोचला की तिथेच संपलं. घोडदळाची धाव 12 इंच. त्यांनी टेप लावला, मला दाखवला: साडेबारा. "पुढच्या खेळीत," म्हणाले, आणि बाथरूमला गेले.

मी तो रिसाला अर्धा इंच पुढे सरकवला.

त्याच्या आधी मनात काय आलं ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केलाय. काहीच आलं नव्हतं. हात गेला. खूप वर्षं मी स्वतःला समजावत होतो की टेबलाला धक्का लागतो, बाही लागते, अर्धा इंच इकडे-तिकडे या खेळात रोज होतं. होतं, पण बाहीने होतं. आणि सहा वर्षं हरलेला माणूस एकदा तरी जिंकायला नको का? नको, असं आज म्हणतो खरं. पण त्या दिवशीच्या मला ते पटवून देता येईल असं वाटत नाही. तो म्हणेल, तू आता पन्नाशीला आलास, तुला जिंकण्याची भूक उरली नाही, म्हणून तुला हे सुचतंय. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे.

ते परत आले. खुर्चीवर न बसता वाकून बघितलं. मैद्यात माझ्या रिसाल्याच्या मागे अर्ध्या इंचाची सरळ, स्वच्छ खूण होती. शिपाई ज्यावर चिकटवलेले असतात ती तळपट्टी सरकल्याची. मला ती त्यांच्या नजरेबरोबरच दिसली. त्यांनी काही म्हटलं नाही. बोटाच्या टोकाने मैदा हळूच पुसून सारखा केला, मग टेप लावला. बरोबर 12 आले. "पोचतात," म्हणाले. फासे टाकले गेले, तोफा गेल्या, रशियन मधली फळी फुटली, आणि साडेपाचला मी पहिल्यांदा जिंकलो. त्यांनी आपले शिपाई नेहमीसारखे एकेक करून फोमच्या खणात ठेवले. दारात हात मिळवून "वेल प्लेड" म्हणाले. चकल्यांचा डबा आमच्या ओट्यावर राहिला.

पुढच्या वर्षी त्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या वर्षी सर्दी. मी क्लबात जायचं सोडलं, लोकांना सांगितलं वेळ जमत नाही. बायकोला सांगितलं, ते आता फार लांब राहायला गेलेत. खरं तर जेमतेम दोन किलोमीटर.

तुम्ही म्हणाल, फोन करून माफी मागायची, संपलं. मलाही तसंच वाटायचं. पण माफी मागायची म्हणजे त्यांनी जे पुसलं ते मी पुन्हा उकरायचं. त्यांनी खूण पुसली ती मला वाचवायला, की माझ्याशी वाद घालायचीही किंमत त्यांना वाटली नाही म्हणून? एका नाताळात मला एक वाटतं, दुसऱ्या नाताळात दुसरं.

तेव्हापासून एकट्याने. खरं तर पहिल्यांदा एकट्याने खेळलो तो त्याच दिवशी, ते बाथरूममध्ये असताना. आणि एकट्याने खेळताना मी सचोटीने खेळतो असं समजू नका. 2019 ला दोल्तानचा फासा 2 पडला होता. तो वहीच्या कडेला टेकलाय, तिरका आहे, असं म्हणून मी पुन्हा टाकला. टेकलेला नव्हता. त्यानंतर प्रत्येक फासा वहीत लिहायला लागलो, पेनने, खोडता येऊ नये म्हणून. बायकोने एकदा ती वही चाळली आणि विचारलं, "अरे, हे दाखवायचं कुणाला?" तुमच्या सगळ्यांच्या प्रश्नांपेक्षा हा बरा होता, पण याचंही उत्तर मला आलं नाही.

हरतं कोण म्हणाल तर पुल्तुस्कला खऱ्या लढाईतही ते कळलं नव्हतं. रात्री बेनिग्सेन माघारी निघाला आणि झारला कळवलं, आम्ही जिंकलो. सकाळी लान गावात शिरला, फ्रेंचांनी कळवलं, आम्ही जिंकलो. मधल्या चिखलात हजारो मेलेले आणि जखमी. मी माझ्या टेबलावर हरणाऱ्याचे शिपाई आधी उचलतो, एवढीच माझी पद्धत.

ग्रीटिंग कार्ड मात्र दर वर्षी येतं. छापील मजकूर, खाली सही, बाकी कोरं. मीही तेवढंच पाठवतो. यंदा मी माझ्या कार्डावर एक ओळ जास्त लिहिली: "26 ला पुल्तुस्क मांडतोय, दुपारी घरी आहे." लिहून ते कार्ड दिवाणखान्यातल्या फडताळावर ठेवलं, आणि नाताळाआधी पोचण्याची शेवटची तारीख उलटून गेल्यावर पेटीत टाकलं. विसरलो होतो, असं म्हणू शकतो. वहीत लिहिलेलं नाही.

आज 26. हे लिहायला बसलो तेव्हा सहा खेळ्या झाल्या होत्या. बार्क्ले जंगलात, उंचवट्यावरची चार पानं उलटलीत, त्यातली तीन कोरी निघाली, म्हणजे खरी फौज अजून पुढेच आहे आणि फ्रेंच जनरल गाझांच्या पलटणी तिच्याच दिशेने चाललेल्या. बाहेर अंधार पडलाय. बायको आठला येईल, ताटं स्वयंपाकघरातच घेऊ, टेबल 2 तारखेपर्यंत मोडायचं नाही असं ठरलंय. सातवी खेळी, दोल्तानचा फासा.

3.

लिहिलं.