वरची बिजागरी

शाळेतली दारं दुरुस्त करायचा मला छंद आहे. मी नववीत आहे. कुठली कडी बसत नाही, कुठलं दार करकरतं ते वहीत टिपतो आणि शाळा सुटल्यावर शिपाईकाकांच्या देखरेखीखाली जमेल तेवढं करतो. छंद कळला की लोक आधी तेलाबद्दल बोलतात. तेलाने नुसता आवाज जातो. कुलपात तर ते घालूच नये, धूळ धरून चिकटा होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड बरी.

परवा दुसरीच्या वर्गाचं दार अडकलं. बाई दोन मिनिटांसाठी बाहेर आलेल्या, आत सगळी पोरं. मी पोचलो तेव्हा काका आणि दोन सर खांदे लावून दार आत ढकलत होते आणि "दारापासून लांब व्हा!" म्हणून ओरडत होते. आत दोघं-तिघं रडत होती.

कडीच्या बाजूचा खालचा कोपरा फरशीवर टेकला होता. असं दार ढकलून हलत नाही, उचलावं लागतं. आणि बाहेरून धरायला नुसता कोयंडा. मी सगळ्यांना थांबवलं आणि फटीतून सांगितलं, "आतली मूठ दोन्ही हातांनी वर उचला, मग ओढा."

आतून एका मुलीचा आवाज आला, "आम्ही रोज तस्संच उघडतो. पण सर लांब व्हा म्हणाले ना."

दार उघडलं.

संध्याकाळी सर म्हणाले, पावसाने फुगलंय, रंधा मार. मी नाही म्हटलं. पावसाळ्यात दार अडलं की सगळ्यांना रंधाच आठवतो, आणि उन्हाळ्यात लाकूड आटलं की त्याच दाराला बोटभर फट पडते. मी दाराच्या कडेला खडू घासला, दार लावलं, उघडलं. फुगलेलं दार कडेवर लांबवर घासतं. इथे खडू पुसला गेला तो फक्त वरच्या कोपऱ्यात. म्हणजे दार कललं होतं.

दार २५ किलोचं, ९० सेंटिमीटर रुंद आणि बिजागऱ्यांत दीड मीटर अंतर धरलं, तर वरच्या बिजागरीला चौकटीपासून ओढणारा जोर साडेसात किलोंचा येतो. २० किलोचं मूल मुठीला लोंबकळलं की आणखी अकरा किलो. खालची बिजागरी उलट चौकटीवर दाबली जाते, म्हणून ती टिकते. वरचे तिन्ही स्क्रू भोकात नुसते फिरत होते. दाराखाली पाचर ठोकून ते वर घेतलं, भोकांत सरसात बुडवलेल्या लाकडी काड्या गच्च ठोकल्या, रात्रभर सुकू दिलं. सकाळी बारीक भोक पाडून २५ऐवजी ५० मिलिमीटरचे स्क्रू पिळले. चौकटीच्या कोऱ्या लाकडात स्क्रू धरायला लागला की मनगटाला कळतं. तो क्षण मला फार आवडतो.

पण वहीत बारा दिवसांपूर्वीची माझीच नोंद आहे: "दुसरी, वरची बिजागरी, स्क्रू फिरतो. नंतर." दार करकरत नव्हतं, म्हणून मी ते मागे ठेवलं. आणि इतक्या दिवसांत त्या वर्गातल्या एकाही मुलाला मी विचारलं नव्हतं, दार कसं उघडता म्हणून.

आता ते एका बोटाने उघडतं. काल मधल्या सुट्टीत बघत उभा होतो. ती मुलगी आली, सवयीने दोन्ही हातांनी मूठ वर उचलली, मगच ओढली.